मोजल्यावाचून बचत नाही
ओबर्लिन येथील एका विद्यावास्तूची कथा

शिक्षणसंस्थेची इमारत न बोलता विद्यार्थ्यांना शिकवीत असते. वर्गात निसर्गरक्षणाचा पाठ रंगलेला असताना बाहेरच्या बोळात भर दुपारी दिवे जळत असतील आणि हात धुण्याच्या जागी नळ ठिबकत असेल, तर विद्यार्थी त्या दोहोंपैकी कोणता पाठ घरी घेऊन जातो? पुस्तकातला पाठ परीक्षेपर्यंत टिकतो. भिंतींनी, दिव्यांनी आणि नळांनी वर्षानुवर्षे दिलेला पाठ मात्र सवयीत मुरतो.

अमेरिकेतील पर्यावरणशास्त्राचे अध्यापक डेव्हिड ऑर यांनी हा विचार अनेक वर्षे आग्रहाने मांडला. वास्तुरचना हीसुद्धा एक अध्यापनपद्धती आहे, ही त्यांची भूमिका. ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयात त्यांच्या पुढाकाराने एक इमारत उभी राहिली आणि जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली. ‘अ‍ॅडम जोसेफ लुईस पर्यावरण-अध्ययन केंद्र’ हे तिचे नाव. प्रकाश, वीज आणि पाणी या तिन्ही बाबतींत नवा विचार करणारी इमारत म्हणून ती जगभर गाजली. तिचे कौतुक पुष्कळांनी लिहिले आहे. परंतु आपणांस उपयोगी पडेल असा भाग कौतुकाच्या पुढे सुरू होतो. अपेक्षेप्रमाणे न चाललेल्या यंत्रणा मोजमापाने कशा उघड झाल्या आणि त्या कशा सुधारल्या गेल्या, हा तो भाग.

गाव आणि संकल्प

ओबर्लिन हे क्लीव्हलँड शहराच्या नैर्ऋत्येस वसलेले छोटे गाव. तेथील महाविद्यालय १८३३ साली स्थापन झाले. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना उच्च शिक्षणाची दारे लवकर खुली करणाऱ्या अमेरिकन संस्थांमध्ये त्याची गणना होते. विजेशीही या गावाचे जुने नाते आहे. या महाविद्यालयाचा पदवीधर चार्ल्स मार्टिन हॉल याने १८८६ साली याच गावात विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम वेगळे काढण्याची पद्धत शोधली आणि सोन्याचांदीच्या पंक्तीत बसणारा हा धातू पुढे घराघरांतील भांड्यांपर्यंत पोहोचला.

अशा गावात ऑर यांनी एक प्रश्न ठेवला. वर्षभरात स्वतः वापरते त्याहून अधिक ऊर्जा निर्माण करणारी आणि स्वतःचे सांडपाणी स्वतःच शुद्ध करणारी शैक्षणिक इमारत बांधता येईल का? विद्यार्थी, अध्यापक आणि गावकरी यांच्याशी चर्चा करून आराखड्याची दिशा ठरविण्यात आली. वास्तुविशारद विल्यम मॅकडोनो यांच्या संस्थेने तिला आकार दिला. सुमारे १३,६०० चौरस फुटांची ही दुमजली वास्तू वर्ग, सभागृह, ग्रंथालय आणि कार्यालये सामावून घेते.

दिवसाच्या प्रकाशाचा विचार सर्वांत आधी झाला. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवली, म्हणजे दक्षिणेचा सूर्य अधिकाधिक खोल्यांत येईल. दर्शनी भागी उंच काचेचे दालन केले. हिवाळ्यात कलता सूर्य आत येऊन फरशी आणि भिंती तापवतो. त्यांतील उष्णता संध्याकाळपर्यंत हळूहळू सुटत राहते. खोल्यांत हालचाल टिपणारे सेन्सर बसविले, म्हणजे माणूस बाहेर गेला की थोड्या वेळाने दिवा आपोआप मालवेल. ऊब आणि गारवा यांसाठी जमिनीत २४ खोल विंधणे घेऊन त्यांतून नळ्या फिरविल्या. जमिनीच्या पोटातील तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते. हिवाळ्यात तेथून उष्णता उचलायची आणि उन्हाळ्यात इमारतीतील उष्णता तेथे सोडायची, हे काम हीट पंप करतात. नोव्हेंबर २००० मध्ये वक्र छतावर सुमारे ६० किलोवॅट क्षमतेच्या सौरपट्ट्या बसल्या.

सांडपाण्यासाठीची व्यवस्था तर पाहुण्यांचे विशेष आकर्षण ठरली. काचघरासारख्या एका दालनात टाक्यांची रांग आहे. सांडपाणी प्रथम बंद टाक्यांत जाते व तेथे हवेविना जगणारे जिवाणू त्यातील घाण विघटित करतात. पुढे हवा खेळविलेल्या टाक्या येतात. त्यांवर हिरवीगार झाडे वाढतात आणि त्यांच्या मुळांभोवती सूक्ष्मजीव नांदतात. शेवटी अतिनील किरणांनी जंतू मारून ते पाणी शौचालयांच्या फ्लशसाठी पुन्हा वापरले जाते. पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी मलमूत्र वाहून नेण्यासाठी खर्ची पडू नये, हा साधा विचार त्यामागे आहे.

हिशेबाची वही उघडली

इमारत सुरू झाली आणि महाविद्यालयातीलच एका अध्यापकाने हिशेबाची वही उघडली. जॉन स्कोफिल्ड हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. या वास्तूत प्रत्यक्ष किती वीज खर्च होते हे त्यांनी मोजावयास घेतले. निष्कर्ष सुखावह नव्हता. इमारत अंदाजापेक्षा बरीच अधिक वीज वापरत होती आणि छतावरच्या पट्ट्या तेवढी वीज देऊ शकत नव्हत्या. २००२ साली अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेच्या प्रकाशनात त्यांनी हे जाहीरपणे मांडले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय-ऊर्जा प्रयोगशाळेने स्वतंत्रपणे मोजमाप करून २००४ साली सविस्तर अहवाल दिला. त्या निरीक्षणांतही सौरपट्ट्यांनी भागविलेली गरज निम्म्याहून कमीच भरली.

असे का व्हावे? सर्वांत मोठा दोष तळघरात किंवा छतावर दडलेला नव्हता, तो आराखड्यातच होता. काचेचे देखणे दालन उबदार ठेवण्यासाठी मूळ रचनेत विजेवर चालणारा बॉयलर होता. विजेची तार तापवून उष्णता मिळविणे हा विजेचा सर्वांत महागडा उपयोग. एक एकक वीज घातली की उष्णताही एकच एकक मिळते. हीट पंप उष्णता निर्माण करीत नाही, ती केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी उचलून ठेवतो. म्हणून तेवढ्याच विजेत त्याच्याकडून साधारण तिप्पट उष्णता मिळू शकते. ज्या इमारतीने जमिनीत २४ विंधणे घेऊन काटकसरीचा मार्ग तयार ठेवला होता, तिच्याच सर्वांत मोठ्या दालनात उधळपट्टीचा मार्ग चालू राहिला होता. त्यातच ईरी सरोवरामुळे त्या प्रदेशाचा हिवाळा ढगाळ असतो. उबेची गरज सर्वाधिक असते त्याच महिन्यांत सौरपट्ट्या सर्वांत कमी वीज देतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या वास्तूची पाहणी करायला आलेल्या कोणासही हा दोष डोळ्यांनी दिसला नसता. हिरवी झाडे दिसत होती, निळ्या पट्ट्या चमकत होत्या आणि काचेतून ऊन आत येत होते. दोष दिसला तो मीटरला.

दुरुस्तीचा मार्ग

आपल्याच संस्थेतील सहकाऱ्याने उणीव जाहीर केली की बहुधा दोन गोष्टी घडतात. एक तर वाद वाढतो, किंवा अहवाल कपाटात जातो. ओबर्लिनमध्ये वाद झाला, परंतु काम थांबले नाही. बॉयलरवरचा भार उतरवून दालन उबदार ठेवण्याचे काम हीट पंपांकडे सोपविण्यात आले. ताजी हवा आत घेणारे पंखे आणि उष्णतेची नियंत्रणे वापराच्या वेळांशी जुळवून घेतली गेली. रात्री आणि सुटीच्या दिवशी रिकाम्या खोल्यांना भरल्या खोल्यांइतकी ऊब देण्याचे कारण नव्हते. या फेरबदलांनंतर विजेचा वापर पहिल्या वर्षाच्या मानाने लक्षणीय उतरला.

त्यानंतर, २००६ साली, वाहनतळावर छप्पर घालून सुमारे १०० किलोवॅट क्षमतेच्या आणखी सौरपट्ट्या बसविण्यात आल्या. तेव्हा कुठे वर्षाच्या एकूण हिशेबात ही वास्तू वापरापेक्षा अधिक वीज देऊ लागली. संकल्प आणि सिद्धी यांच्यात सहा वर्षांचे अंतर पडले.

या क्रमातच खरा धडा आहे. आधी मोजमाप, मग गळती बंद, मग उपकरणांत बदल आणि शेवटी नव्या वीजनिर्मितीची भर. पुष्कळ संस्था नेमका उलटा क्रम धरतात. देणगी मिळाली की छतावर सौरपट्ट्या चढतात, नामफलक लागतो, छायाचित्र छापून येते, आणि खाली जुन्या यंत्रणा पूर्वीप्रमाणेच वीज गिळत राहतात. उधळ्या संसाराला अधिक उत्पन्न मिळवून दिल्याने तो काटकसरी होत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते.

पाण्यामागची वीज

प्रकाश, वीज आणि पाणी यांची खाती आपण वेगवेगळी ठेवतो. इमारत मात्र ती तिन्ही एकमेकांत गुंतवून ठेवते. ओबर्लिनच्या टाक्यांतील सूक्ष्मजीवांना हवा लागते, ती पुरविणारे पंप विजेवर चालतात आणि सूक्ष्मजीवांना सुटी नसल्याने पंपांनाही ती नसते. म्हणजे वाचविलेल्या पाण्याची काही किंमत विजेच्या खात्यात भरावी लागते. ती भरू नये असे नव्हे. पण ती किती, हे माहीत असले पाहिजे.

उलट दिशेनेही हेच खरे. आपल्याकडील कोणत्याही वसतिगृहात पाणी प्रथम जमिनीतील टाकीत येते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. खाली नळ ठिबकत असेल, तर पाण्याबरोबर ते वर चढविण्यासाठी लागलेली वीजही ठिबकत असते. अंघोळीचे पाणी विजेवर तापत असेल, तर हा दुवा अधिक घट्ट होतो. कारण एक बादली पाणी तापविण्यास लागणारी वीज ते गच्चीवर चढविण्याच्या विजेच्या शेकडो पट असते.

काचेचे गोळे

या वास्तूने आणखी एक प्रथा रुजविली. कोणत्या घटकेला किती वीज वापरली जात आहे आणि किती तयार होत आहे, हे आकडे सर्वांना दिसतील अशा पडद्यावर मांडले गेले. तेथील अध्यापक जॉन पीटरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हीच कल्पना वसतिगृहांपर्यंत नेली. वीजबिल महिन्याने येते आणि तेही कार्यालयात जाते. खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही नसतो. मग त्याने वापर आवरावा तरी कशावरून?

२००५ साली ओबर्लिनच्या वसतिगृहांत दोन आठवड्यांची स्पर्धा घेण्यात आली. विजेचा आणि पाण्याचा वापर विद्यार्थ्यांना दाखविला गेला. काही वसतिगृहांना आकडे क्षणोक्षणी दिसत होते, उरलेल्यांना आठवड्यातून एकदा. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. विजेचा वापर सरासरीने ३२ टक्के घटला. ज्यांना क्षणोक्षणी आकडे दिसत होते त्यांनी तो ५५ टक्क्यांनी कमी केला, इतरांनी ३१ टक्क्यांनी. पुढे काही वसतिगृहांच्या प्रवेशदालनात काचेचे प्रकाशमान गोळे ठेवण्यात आले. वापर कमी असेल तर गोळा हिरवा दिसतो, वाढला की लालीकडे झुकतो. आकडे वाचायला कोणी थांबत नाही, रंग मात्र जाता-येता दिसतो.

त्याच स्पर्धेत पाण्याचा वापर मात्र अवघा ३ टक्के घटला. हा आकडा विजेच्या आकड्याइतकाच बोलका आहे. दिवा मालविणे एका बोटाचे काम आहे, तेथे जाणीव जागी झाली की पुरते. फ्लशची टाकी मात्र प्रत्येक वेळी ठरलेलेच पाणी सोडते आणि अंघोळीच्या झारीतून ठरलेल्या वेगानेच पाणी येते. म्हणून विजेच्या बाबतीत माणसाची सवय आणि पाण्याच्या बाबतीत नळ, झारी व टाकी यांची रचना, या दोहोंकडे वेगवेगळे लक्ष द्यावे लागते असे म्हणता येईल.

आपल्या वास्तूंकडे पाहताना

ओबर्लिनचा हिवाळा आपल्याकडे नाही, त्यामुळे बॉयलरची कथा जशीच्या तशी लागू पडत नाही. क्रम मात्र लागू पडतो. आपल्या समाजाने आणि इतर दानशूरांनी उभारलेल्या शाळा, वसतिगृहे, धर्मशाळा, सभागृहे गावोगावी आहेत. त्यांतील कित्येकांच्या यंत्रणा ३०-४० वर्षांपूर्वीच्या आहेत. नूतनीकरणाचा विषय बैठकीत निघाला की चर्चा बहुधा ‘काय विकत घ्यायचे’ यापासून सुरू होते. ती ‘आज कोठे किती जाते’ यापासून सुरू व्हावी.

एका वर्गखोलीचा हिशेब करून पाहू. जुन्या पद्धतीच्या ४० वॅटच्या सहा ट्यूबलाइट आहेत. चोक धरून प्रत्येकी सुमारे ५२ वॅट. शिवाय ७५ वॅटचे चार पंखे. एकूण ६१२ वॅट. रोज सहा तास, वर्षाचे २२० दिवस, म्हणजे १,३२० तास. खर्च सुमारे ८०८ युनिट. आता २० वॅटच्या एलईडी नळ्या आणि ३० वॅटचे नव्या मोटरचे पंखे बसविले. एकूण २४० वॅट, खर्च सुमारे ३१७ युनिट. वर्षाला एका खोलीमागे सुमारे ४९१ युनिटांची बचत झाली. परंतु ‘आता वीज कमीच लागते’ या समाधानात हेच दिवे-पंखे रोज चार तास रिकाम्या खोलीत चालू राहिले, तर २११ युनिट परत गेले. नव्या उपकरणांनी मिळविलेल्या बचतीचा जवळजवळ ४३ टक्के भाग विसरभोळेपणाने खाल्ला.

खिडकीलगतच्या आणि आतल्या दिव्यांना वेगळी बटणे असणे, हा तर फार स्वस्त फेरबदल आहे. बहुतेक वर्गांत एका बटणावर खिडकीपासून भिंतीपर्यंतची आडवी रांग असते. त्यामुळे आतल्या बाकांवर अंधार वाटला की उन्हात न्हालेल्या खिडकीजवळचा दिवाही लागतो. तारांची जोडणी खिडकीला समांतर केली, की दिवसा निम्मे दिवे बंद ठेवता येतात. भिंती आणि छत फिकट रंगाचे असतील तर तोच प्रकाश अधिक दूर पोहोचतो. जुन्या तारा बदलताना अर्थिंग आणि गळतीप्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच यांवर काटकसर करू नये. विजेची बचत करताना जिवाची जोखीम पत्करणे हे शहाणपण नव्हे.

पाण्याच्या बाबतीत सर्वांत चोरटी गळती फ्लशच्या टाकीत असते. आतील रबरी झडप झिजली की पाणी आवाज न करता रात्रंदिवस भांड्यात उतरत राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि १५-२० मिनिटे फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर झडप गळते आहे असे समजावे. सेकंदाला एक थेंब टाकणारा नळ दिवसाला सुमारे २० लिटर पाणी घालवितो. जुन्या टाक्या एका वेळी १० ते १२ लिटर पाणी सोडतात. दोन बटणांच्या नव्या टाक्यांत तेच काम साधारण ६ आणि ३ लिटरांत होते. नळाच्या तोंडाशी हवा मिसळणारी छोटी जाळी बसविली तर हात धुताना फरक जाणवत नाही, पाणी मात्र निम्म्याहून कमी लागते. आणि संपूर्ण इमारतीची परीक्षा करायची असेल, तर रात्री सर्व नळ बंद झाल्यावर पाण्याच्या मीटरचा आकडा लिहावा आणि पहाटे कोणी उठण्यापूर्वी पुन्हा पाहावा. मधल्या काळात आकडा हलला असेल, तर पाणी कोठे तरी वाया जात आहे. विजेच्या मीटरची परीक्षा याच रीतीने सुटीच्या दिवशी करता येते.

हे आकडे लिहिण्याचे काम विद्यार्थ्यांकडे द्यावे. दर सोमवारी दोन मुलांनी मीटर वाचावा आणि मागच्या आठवड्याशी तुलना करून तो आकडा प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर लिहावा. काचेच्या गोळ्यांना पैसा लागतो, खडूला लागत नाही. अपूर्णांक, टक्केवारी आणि आलेख हे गणिताचे धडे त्या फळ्यावर आपोआप होतील. आकडा वाढला तर कारण शोधण्याची जिज्ञासाही मुलांतूनच येईल.

स्कोफिल्ड यांनी पुढे केवळ एका इमारतीपुरते न थांबता, पर्यावरणस्नेही म्हणून प्रमाणपत्र मिळालेल्या इमारती प्रत्यक्षात किती ऊर्जा वाचवितात हेही तपासले. २००९ साली त्यांनी मांडलेले निष्कर्ष प्रमाणपत्रांवर विसंबून राहणाऱ्यांना अस्वस्थ करणारे होते. त्यांच्या चिकाटीमागे एक साधी निष्ठा दिसते : चांगल्या हेतूलाही हिशेब द्यावा लागतो. ओबर्लिनच्या इमारतीची प्रतिष्ठा त्या हिशेबाने उणावली नाही. हिशेब मांडला गेला म्हणूनच ती आपल्या संकल्पापर्यंत पोहोचली. आपल्या संस्थेत नवे दिवे लागतील तेव्हा उद्घाटनाच्या फलकाशेजारी मीटरच्या नोंदींचा एक फळाही लागावा, एवढे प्रत्येक विश्वस्त मंडळ आजच ठरवू शकते.